खडी, हवा आणि वन्संचं वजन

शर्यत सुटायच्या रेषेवर सायकलचा टायर दाबून पाहताच दातांच्या डॉक्टरीणबाईंचं डोकं तडकलं. टायर दगडासारखा झाला होता.

"बाबा! हवा कुणी भरली?"

"मीच. तुझी आणि ताईची, दोन्ही," पंप काखेत मारून सासरे म्हणाले. "मऊ पडले होते गं!"

मऊ पडले नव्हते, मऊ ठेवले होते! खडीवर टायरने दगड थोडा पोटात घ्यावा लागतो, नाहीतर तो आपल्या मणक्यात शिरतो. पण बोलायला वेळ कुठे होता? शिट्टी झाली. दरवर्षी नणंद पुढे जायची आणि वर "वहिनी दमते बिचारी" असं घरभर सांगायची. यंदा तिला हरवायचंच होतं.

खडी लागली आणि सायकल करडासारखी उड्या मारू लागली. बाई चरफडत उतरल्या. हवेचा दाब मोजायचं गेज लावून हवा सोडतात तोच मागून नणंद आदळत-आपटत आली.

"बाबांच्या हातात पंप दिला कोणी?"

"तुम्हीच. वाढदिवसाला."

"बरं, बरं. माझी पण सोड."

"वजन सांगा. जसं वजन, तशी हवा."

नणंदेने इकडेतिकडे पाहिलं. "अठ्ठावन्न."

"वन्सं, खरं सांगा."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"बरं, अठ्ठावन्न तर अठ्ठावन्न!" बाईंनी रागारागाने अठ्ठावन्नाचीच हवा ठेवली.

नणंद सुसाट पुढे गेली. उताराला मोठा दगड आला, रिम थेट त्यावर आपटली आणि ट्यूब फाटली.

"चुकीची हवा ठेवलीस!" ती ओरडली.

"चुकीचं वजन सांगितलंत!" बाई न थांबता पुढे गेल्या. शेवटचा झेंडा दिसत होता.

"वहिनी, माझ्याकडे जादा ट्यूब नाही गं!"

बाईंनी पायडल आणखी जोरात मारलं.

"चौसष्ट!"

येणारेजाणारे माना वळवून बघू लागले.

"अडुसष्ट! थांब ना!"

झेंडा हाकेच्या अंतरावर आला.

"चौऱ्याहत्तर! देवाशपथ चौऱ्याहत्तर!"

बाईंनी करकचून ब्रेक दाबला. झेंड्याकडे पाहिलं, दोन शिव्या हासडल्या आणि सायकल वळवली. ट्यूब बदलून होईपर्यंत सगळे पुढे निघून गेले.

"दादाला सांगू नकोस हं," नणंद पुटपुटली.

"अख्ख्या रस्त्याला कळलंय, वन्सं. तुमचा दादा तेवढा राहिलाय."