दामूनाखव्याची बादली

दर्यात जाणाऱ्या होडीवर चढायच्या आधी पाय धुवावे लागतात, आणि तेही नळाच्या गोड्या पाण्याने, असं तुम्ही कुठे ऐकलंय? नसेल, तर तुम्ही माझ्या काकाला भेटलेला नाहीत.

मालाडच्या पश्चिमेला, बस संपते त्याच्याही पुढे, खाडीच्या काठावर आमचा कोळीवाडा आहे. तिथे माझ्या दामोदरकाकाला सगळे दामूनाखवा म्हणतात. नाखवा म्हणजे होडीचा मालक. होडीचं नाव 'भागीरथी', माझ्या आजीचं. होडीच्या शिडीला एक निळी बादली बांधलेली, बादलीला साखळीने अडकवलेला मग, आणि शिडीच्या वरच्या टोकाला कमरेवर हात ठेवून उभा काका.

"पाय धुवून या."

बर्फवाला असो, मेकॅनिक असो, सख्खा भाऊ असो, नियम एकच. एकदा होडीचे कागद तपासायला एक साहेब आले. त्यांना बूट-मोजे काढायला लावले. साहेब म्हणाले, "अहो, मी ड्युटीवर आहे." काका म्हणाला, "मग पाय काय रजेवर हायेत? धुवा." साहेबांनी धुतले.

ही झाली होडीची गोष्ट. होडीवरच्या केबिनची तऱ्हा आणखी वेगळी. केबिन म्हणजे दोन माणसं आडवी होतील एवढी खोली, पण फुलाफुलांचा पडदा, खाली लिनोलियम, भिंतीला उघडमिट करणारी लाकडी फळी. तिथे मासा न्यायची बंदी. मासा पकडणाऱ्या होडीच्या केबिनमध्ये तळलेला बोंबीलसुद्धा चालत नाही! खलाशी बिचारे बाहेर वाऱ्यात ताट धरून जेवायचे. त्यांनी केबिनला नाव ठेवलं होतं देऊळ, आणि काकाच्या पाठीमागे काकाला पुजारी.

बाकीचे नाखवे मासे उतरवून घरी जाऊन झोपतात. काका मासे उतरवून सोडा आणि लिंबं घेऊन बसायचा. बर्फाचा खण घासायचा, फळ्या घासायचा, दोर घासायचा. कोणी हसलं तर म्हणायचा, "म्हावरा म्हणजे पाव्हना. पाव्हना गेला की घर आवरायचा."

बाबांची कंबर धरली, त्यांनी होडी सोडली आणि काका एकटा मालक झाला, त्या सुमाराला हे वेड सुरू झालं. "मालकी डोक्यात गेली," असं आई म्हणायची. मलाही तेच वाटायचं. पण तक्रार करायला मला तोंड नव्हतं. आमचं घर दीड खोलीचं, त्यात टीव्ही मोठ्याने. कॉलेजची तीन वर्षं, होडी किनाऱ्याला असेल तेव्हा, मी त्या केबिनमध्ये, त्या फळीवर वही ठेवून अभ्यास केला. काकाच्या वेडाचा मला आयताच फायदा झाला.

आणि मी पास झाले. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी आहे. हे मी स्वतःच सांगून टाकते, कारण नाहीतर काका सांगतो. भाजीवाल्याला सांगतो, रिक्षावाल्याला सांगतो. मला नावाने हाक मारायचं त्याने सोडूनच दिलंय. "ही आमची ग्रॅज्युएट." कोळीवाड्यात कुणाशी वाद झाला की, "थांब, ग्रॅज्युएटला विचारतो." पाण्याच्या पाइपावरून झालेल्या भांडणातही मला बोलावलं होतं. मी कॉमर्सची. पाइपातलं मला काय कळतंय?

या वर्षी काकाचे गुडघे गेले. डॉक्टरांनी सांगितलं, शिडी बंद. बाबा म्हणाले, "दामू, आता इक." काकाने दोन दिवस नुसते दोर घासले. तिसऱ्या दिवशी माझ्यापुढे येऊन बसला. "ग्रॅज्युएट, जाहिरात लिही. पन एक सांगतो. ज्याला दर्यात न्यायची हाय त्यालाच देनार."

मी मोबाइलवर जाहिरात टाकली. "घरगुती वापरातली, उत्तम निगा राखलेली, केबिनसह मासेमारीची लाकडी होडी विकणे आहे." काकाने खाली एक ओळ घालायला लावली : "बघायला येणाऱ्याने पाय धुवावेत."

फोन भरपूर आले. एकाने विचारलं, "किती किलोमीटर चालली आहे?" एकाला लग्नाआधीचे फोटो काढायला दोन तास भाड्याने हवी होती. आणि मग अंधेरीचा एक हॉटेलवाला आला, सोबत सजावट करणारी एक मुलगी. दोघांनी हसतहसत पाय धुतले, वर जाऊन लांब श्वास घेतला आणि एकमेकांकडे बघितलं.

"काका, झकास! वासच नाही! अशीच पाहिजे होती. आम्ही हिला गच्चीवर ठेवणार. चार टेबलं इकडे, दोन तिकडे. केबिनमध्ये हात धुवायचं बेसिन."

"केबिनात हात धुनार?" काकाने विचारलं.

"हो ना. एकदम युनिक."

"लोक जेवून उष्टे हात माझ्या केबिनात धुनार," काका माझ्याकडे बघून म्हणाला. मग त्यांना म्हणाला, "दोन पिढ्या हिनं लोकांना जेवायला घातलंय. आता हिच्यावर बसून जेवनार तुम्ही? जावा."

हॉटेलवाला माणूस वाईट नव्हता. आम्ही मागितली त्याहून जास्त किंमत द्यायला तयार होता, आणि थांबायलाही. बाबांनी तोडगा काढला. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली की किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या नारळी पुनवेला दर्यात जातात. तोवर कोळी गिऱ्हाईक आलं तर ठीक, नाहीतर हॉटेल. कारण लाकडी होडी पाण्याबाहेर राहिली की फळ्या सुकतात, जोड उघडतात. दर्यात नाही गेली तर ती अशीही मरणारच. काकाला हे बाबांपेक्षा जास्त माहीत होतं, म्हणून तो कबूल झाला.

पुनवेला बारा दिवस राहिले असताना उत्तनहून जनाबाय आली. साठीची, नाकात नथ, हातात पाकीट, मागे दोन उंच मुलगे. मुलगे होडी चालवतात आणि जनाबाय मुलग्यांना चालवते.

"पाय धुवून या," काका म्हणाला.

"चाळीस वर्सां चिखलात चालतंय. मना कोनी पाय धुवायला नाय सांगला."

"मग मी सांगतो."

"मग मी नाय येत."

दोघंही हटेनात. शेवटी जनाबाय शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभी राहिली, पाय शिडीवर आणि नाक होडीत. मुलग्यांनी गुपचूप पाय धुवून इंजिन बघितलं, खण उघडले, मान डोलावली. जनाबायने मात्र तीनदा वास घेतला आणि खाली उतरली.

"इंजिन चांगला, लाकूड चांगला. पन हिला म्हावऱ्याचा वास नाय. ज्या होडीला वास नाय तिला म्हावरा घावत नाय. शोभेची होडी घेऊन मी काय करू?"

काकाचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. कुणी त्याला शिवी दिली असती तर त्याने परत दोन दिल्या असत्या. पण ही शिवी भागीरथीला होती. जनाबाय जाताना एवढंच म्हणाली, "रविवारी आणखी एक होडी बघायला हिकडंच येनार हाय. तवा सांगते."

आता इथे माझं शिक्षण आडवं आलं. मी विचार केला, अडचण काय तर वास नाही. उपाय काय तर वास आणणे.

वासाच्या बाबतीत मी तशी अनुभवी आहे. कॉलेजच्या पहिल्या महिन्यात शेजारच्या मुलीने माझी वही मागितली, उघडली, नाकाला रुमाल लावला आणि उठून मागच्या बाकावर गेली. दुसऱ्या दिवशी दुसरी गेली. मी घरी येऊन आईपाशी रडले होते. तेव्हापासून आजतागायत, आता मी मरोळच्या एका कंपनीत चांगल्या हुद्द्यावर आहे तरी, माझ्या डब्यात भेंडी असते. शुक्रवारी फारतर अंडं. असो.

रविवारी सकाळी काका दाढी करायला गेला तेव्हा मी गजा तांडेलाला पकडलं. तांडेल म्हणजे सुकाणू धरणारा. गजा काकाबरोबर वीस वर्षं होता. आम्ही दोघांनी सुक्या जवळ्याच्या दोन टोपल्या आणि बोंबलांची एक माळ भागीरथीवर चढवली. एक टोपली खणात आणि एक, देवा माफ कर, केबिनमध्ये.

"पोरी, पुजारी मारल मना," गजा म्हणाला.

"अरे, तासाभराचा प्रश्न आहे. मी ग्रॅज्युएट आहे ना?"

काकाचा न्हावी त्या दिवशी नेमका लग्नाला गेला होता. काका अर्ध्या वाटेतून परत आला. वाऱ्याची दिशा खाडीकडून घराकडे. त्याने नाक वर केलं आणि डॉक्टरांनी बंद केलेली शिडी तो पाय न धुता चढला. दुसऱ्याच क्षणी जवळ्याची टोपली हवेतून खाली आली, आणि मागोमाग बोंबलाची माळ, आणि त्यामागोमाग काकाचा आवाज.

"केबिनात! माझ्या केबिनात! याच्यासाठी शिकवली तुला?"

आणि माळ जिथे पडली तिथे जनाबायचे पाय होते.

तिने माळ उचलली. होडीकडे बघितलं. टोपलीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. "वास आनून ठेवलाव काय? मना फसवायला?" मुलग्यांना म्हणाली, "चला रं. वांझोटी होडी, नि वर ही चोरी."

चूक माझी आणि बट्टा काकाला. हॉटेलवाल्याची टेबलं मला डोळ्यांपुढे दिसायला लागली. चार इकडे, दोन तिकडे.

तेवढ्यात गजा पुढे झाला. खिशातला चाकू काढला आणि भागीरथीचा मधला, खालून हात पोचेल असा काठ, जिथून जाळ्याचा दोर ओढतात तो, खरवडायला लागला.

"गज्या, रंग! पंधरा दिवस झाले रंग देऊन!" काका वरून ओरडला.

गजा थांबला नाही. रंगाखाली भेगा बुजवायची लांबी होती. लांबीचा पापुद्रा पडला आणि खालचं लाकूड दिसलं. त्यात बोट जाईल एवढी खोल खाच. शेजारी दुसरी, तिसरी, चौथी.

"हात लाव, जनाबाय," गजा म्हणाला. "भरलेल्या जाळ्याच्या दोरानं खाल्लेला लाकूड हाय हा. रिकामी जाळी ओढून अशी खाच पडत नाय. हा येडा दर वर्साला लांबी भरून गुळगुळीत करतो. वास धुतला त्यानं, हा कसा धुवल?"

जनाबायने खाचेत बोट घातलं. शेवटपर्यंत फिरवलं. मग दुसऱ्या खाचेत.

"मग वास कशाला घालवलाव?" तिने काकाला विचारलं. "एवढा म्हावरा देनाऱ्या होडीचा?"

काका दोर गुंडाळायला लागला. गुंडाळलेलाच दोर.

"मी सांगतो," गजा म्हणाला. "आधी हिलाबी सगळ्यांसारखाच वास होता. ही पोरगी कॉलेजात गेली त्या वर्सी घरी येऊन आयशीला सांगत होती, वहीला वास मारतो म्हनून पोरी उठून जातात. ह्यो भायेर जाळा शिवत बसलेला. दुसऱ्या दिवशी बादली आली. मी बोललो, दामू, ह्ये काय? बोलला, पोरगी केबिनात अभ्यास करनार हाय, वहीला वास नाय लागला पायजे."

"गज्या, तू तोंड धुवून ये आधी," काका म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता.

मी त्या फळीचा विचार करत होते. ती कशासाठी बसवली असेल, असं तीन वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. वाऱ्यात ताट धरून जेवणारे खलाशी मला खिडकीतून दिसायचे, आणि मी त्यांना हसायचे.

जनाबायने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "पास झाली काय?"

"पास?" काका तिथूनच गरजला. "ग्रॅज्युएट हाय ती, ग्रॅज्युएट!"

मग जनाबाय बादलीपाशी गेली. साडी घोट्यांच्या वर धरली, साखळीचा मग भरला, आणि एक पाय, मग दुसरा, टाचा घासून सावकाश धुतला. मुलगे बघत उभे राहिले. "तुमाला काय आमंत्रन पायजे? धुवा!" मग शिडी चढून ती काकासमोर उभी राहिली. "बादली धरून किंमत सांग. बादली नाय दिली तर सौदा नाय."

पुनवेला भागीरथी भरतीच्या पाण्यात उतरली. नव्या पताका, पुढे जनाबायने वाहिलेला नारळ, किनाऱ्यावर अख्खा कोळीवाडा. शिडीला निळी बादली तशीच. होडी खाडीच्या तोंडापाशी वळली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकाने टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याचे हात मी धरले होते.

पहिल्या फेरीचं पापलेट जनाबायने मुलाबरोबर आमच्याकडे पाठवलं. निरोपही होता : "केबिनात अजून कोन जेवला नाय."

आईने कालवण केलं, तुकड्या तळल्या. सोमवारी मी त्याच तुकड्या डब्यात भरून मरोळला नेल्या आणि दुपारी भर टेबलावर झाकण पूर्ण उघडलं.

संध्याकाळी काका ओट्यावर वाट बघत बसला होता. हल्ली त्याला घासायला काही नसतं. आईने त्याला घरातली भांडी घासायला दिली होती, ती दोनदा घासून झाली होती.

"मग?" त्याने विचारलं. "कोन उठून गेला?"

"एक जण उठली."

त्याचा चेहरा पडला. "मग?"

"मग आपला भाताचा डबा घेतला आणि माझ्या शेजारी येऊन बसली. अर्ध्या तुकड्या तिनेच संपवल्या."

काकाने घासलेलं पातेलं पुन्हा जवळ ओढलं. मग घसा साफ करून म्हणाला,

"पाय धुवून आल्ती काय?"