बत्तीस स्वल्प

१९५९ साली बंगळूरहून होसूरमार्गे मद्रास राज्यात जाणारा हमरस्ता सरळ करायचे सरकारने ठरवले. सरळ रेषा ओढायचे काम माझ्याकडे, म्हणजे कचेरीतल्या नकाशेकार खंडोजीकडे आले. पट्टी ठेवली आणि दोन मिनिटांत रेषा ओढली. सरकारी नोकरीत इतक्या झटपट काम उरकले, ही माझी पहिली चूक.

दुसऱ्या दिवशी भीमाचार्य आले. रेषा त्यांच्या नारळीच्या बागेतून जात होती. म्हणाले, "अण्णा, रस्ता देशासाठी हवाच. फक्त स्वल्प, थोडासाच, वळवा." वळवला. मग गिरणीवाले प्रतापराव आले. त्यांचाही देशाला पाठिंबा होता आणि त्यांनाही स्वल्पच वळण हवे होते. महिन्याभरात असे एकतीस देशभक्त अर्ज देऊन गेले.

स्वल्प म्हणजे नेमके किती, अशी वरून विचारणा झाली. समिती बसली. तीन महिने बसली आणि परिपत्रक काढून उठली: एक स्वल्प म्हणजे अर्धा फर्लांग, संपूर्ण रस्त्यास मंजूर स्वल्प बत्तीस.

बोम्मसंद्राजवळ सोयराबाईची इडलीची टपरी होती, माझ्या मूळ रेषेपासून चांगली लांब. पण एकतीस वळणे घेऊन रस्ता हिंडत हिंडत नेमका तिच्या चुलीवर आला. एकटी बाई, त्याच चुलीवर पोट. धावत कचेरीत आली.

"खंडोजीअण्णा, एक स्वल्प द्या हो! चूल वाचेल माझी."

खोटे कशाला सांगू! एक शिल्लक होता. पण सासऱ्यांना गोठा वाचवायचा होता आणि बायको हेमलता दोन दिवस घरात माझ्याशी बोलत नव्हती. मी रजिस्टर चाळले.

"अक्का, स्वल्प संपले."

"संपले कसे? मी तर आज पहिल्यांदाच मागतेय!"

"तेच चुकले तुमचे."

उद्घाटन थाटात झाले. बत्तीस वळणांच्या रस्त्याला पाहुण्यांनी 'प्रगतीचा सरळ मार्ग' म्हटले. सोयराबाई आता बत्तिसाव्या वळणावर, सासऱ्यांच्या गोठ्यासमोर, पाटीत इडल्या घेऊन बसते. मला बघितले की दोन जास्त वाढते. त्या दोन मी गुपचूप गोठ्यातल्या गाईला घालतो.

त्या रस्त्याने मोटारीतून जाताना तुम्ही दर वळणाला नकाशेकाराचा उद्धार करता, ठाऊक आहे मला. खुशाल करा. सगळे बत्तीस अर्ज मी नावानिशी जपून ठेवलेत. आडनाव काय म्हणालात आपले?