साडेअकरा अंशांचं ढवळगाव

दिव्यांग खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय हिवाळी स्पर्धा ढवळगावला मिळाल्या आणि गावात उतार नसल्यामुळे नगरपरिषदेनं अख्खं गाव पूर्वेकडून उचलून तिरकं करायचं ठरवलं.

ठराव एकमतानं झाला. बर्फाचा प्रश्न नव्हता. बर्फ वरून मंजूर होऊन आला होता आणि पौषात पडायचा होता. प्रश्न होता जमिनीचा. ढवळगाव इतकं सपाट, की बसस्टँडवर सांडलेला चहा कुठे जावं ते न कळून जागच्या जागी वाळायचा. बाहेरून उतार आणण्याची निविदा दोनदा काढली, कुणी भरली नाही. शेवटी नगरपरिषदेचे अभियंता मुजावर म्हणाले, की रस्ते उंच झाल्यामुळे खड्ड्यात गेलेली घरं हल्ली जॅक लावून वर घेतात, तसे कारागीर मिळतात. आणि गाव म्हणजे तरी काय, शेवटी घरंच.

हेमलता बिडवे हे सगळं सभागृहाच्या खिडकीबाहेर बसून ऐकत होती. ती गावातली वकील. लहानपणी पोलिओनं पाय गेले तेव्हापासून ती चाकाच्या खुर्चीत होती आणि नगरपरिषदेला पाच पायऱ्या होत्या. त्यामुळे तिची नगरपरिषदेतली सगळी कामं खिडकीतून चालत. कारकून कागद खिडकीतून बाहेर देत, ती सही करून आत देई. पायऱ्यांशेजारी एक उतार करून द्या, असं तिनं किती वेळा मागितलं होतं. उत्तर ठरलेलं असे, 'उतारासाठी जागा उपलब्ध नाही.'

तिनं गजांवर किल्ली वाजवली.

"अध्यक्षसाहेब, पायऱ्यांपाशी हातभर उताराला जागा नाही म्हणता, मग अख्ख्या गावाच्या उताराला कुठून मिळाली?"

नगराध्यक्ष रंगनाथराव सोनटक्के खुर्ची सरकवून खिडकीशी आले. माणूस वाईट नव्हता. फक्त सगळं उभ्यानंच बघायची सवय होती.

"वकीलबाई, तुम्ही मागत होता तो उतार स्थानिक होता," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "हा आंतरराष्ट्रीय आहे."

हेमलतानं मान डोलावली. मुद्दा कायद्यात बसत होता.

स्पर्धेच्या समितीनं बेर्ग नावाचे नॉर्वेचे निरीक्षक पाठवले. साठीचे, लालबुंद गालांचे, एक पाय गुडघ्याखाली नसलेले. कुबडीवर ते गावभर फिरले आणि नियमावली उघडून म्हणाले, की गाव उचलायला समितीची हरकत नाही. मात्र उतार किती हवा ते यजमान गावातल्याच, चाकांवर फिरणाऱ्या माणसानं पास केलं पाहिजे. इंग्रजी नीट येणारी गावात हेमलताच, म्हणून भाषांतरही तीच करत होती.

"चाकांवर फिरणारे खंडीभर आहेत आमच्याकडे," सोनटक्के म्हणाले. "घरटी दोन मोटारसायकली."

हेमलतानं ते जसंच्या तसं सांगितलं. बेर्ग हसले नाहीत. त्यांनी नुसतं तिच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

संध्याकाळी सोनटक्के शाल आणि नारळ घेऊन तिच्या घरी आले. त्यांनी बरीच प्रस्तावना केली. गावाची इज्जत, जिल्ह्याचं लक्ष, पाहुण्यांची सोय. हेमलतानं ती पुरी होऊ दिली.

"पास करते की," ती म्हणाली. "पण किती उचलायचं ते मी सांगणार. आणि शर्यत कुठून कुठे जाणार, तेही."

"तुम्हीच सांगा. आम्हाला काय त्यातलं कळतंय?"

एका गुरुवारी शाळेला सुट्टी देऊन गाव उचललं. वेशीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत पूर्वेच्या कडेला जॅक लावले होते आणि मुजावर शिट्टी वाजवत धावत होते. हेमलता चौकात खुर्ची घेऊन बसली. दर अर्ध्या अंशाला ती हात वर करी, काम थांबे, ती ब्रेक सोडून बघे. पाचला खुर्ची हललीच नाही म्हटलं तरी चालेल. आठला निघाली. अकराला चांगली पळाली, तिनं पिठाच्या गिरणीपाशी ब्रेक दाबला. मुजावर घामाघूम होऊन आले.

"झालं ना, मॅडम? पश्चिमेकडच्या लोकांची भांडी खाली यायला लागलीत."

"अजून अर्धा," हेमलता म्हणाली. "अकराला माणूस नुसता घसरतो. खेळणार कसा?"

साडेअकराला तिनं सही केली.

दुसऱ्या दिवशी तिनं शर्यतीचा मार्ग आखला. पाण्याच्या टाकीपासून सुरुवात, मग शाळा, गिरणी, मारुतीचं देऊळ, नगरपरिषदेचं फाटक, आणि शेवट सभागृहात, नगराध्यक्षांच्या टेबलाशी. नियमाप्रमाणे मार्गात कुठेही पायरी चालत नव्हती. सोनटक्क्यांनी नकाशा उलटासुलटा करून पाहिला.

"माझ्या टेबलापर्यंत बर्फ?"

"पाहुणे एवढ्या लांबून येणार. यजमानानं दारात तरी असावं."

बेर्ग म्हणाले, मार्ग उत्तम आहे. पाच पायऱ्या दुपारी फोडायला घेतल्या आणि चहा व्हायच्या आत तिथे नुसता राडारोडा उरला होता. तोही उचलून तिथे उतार घातल्यावर हेमलता आत गेली. सभागृह खिडकीतून दिसायचं त्यापेक्षा लहान होतं. भिंतीवर गेल्या सालचं कॅलेंडर होतं, पंख्याचं एक पातं वाकडं होतं. एवढ्यासाठी आपण इतकी वर्षं भांडलो, असं तिला वाटलं, आणि थोडा रागच आला. तिनं जाता जाता कॅलेंडर काढायला लावलं.

गावाला उताराची सवय व्हायला वेळ लागला. दही तिरकं लागे. रिक्षावाल्यांनी चढाचे आणि उताराचे भाव वेगळे केले. पश्चिमेच्या वॉर्डात नळाला पहिल्यांदा जोरात पाणी आलं, शिवाय पूर्वेकडचे चेंडू, कांदे आणि सुटलेल्या सायकलीही तिथेच येत, म्हणून तिथे घरंगळलेल्या वस्तूंचा कक्ष उघडावा लागला. भाजीवाल्या गोदाक्का रोज सकाळी त्या कक्षात आपली लिंबं ओळखायला जात.

पण खरी अडचण माणसांची होती. धट्टीकट्टी माणसं दारातच बसकण मारू लागली. पाय आपोआप धावत, थांबायचं कसं ते कळत नसे. एके दिवशी गोदाक्का टोपलीसकट हेमलताच्या दारावर येऊन आदळल्या आणि उठून तिथेच भांडायला उभ्या राहिल्या.

"बाई, तू केलंस हे. आता तूच सांग, चालावं कसं माणसानं?"

हेमलताला ते पटलं. तिनं दुसऱ्या दिवसापासून चौकात वर्ग सुरू केला. अर्धं गाव येऊ लागलं. ती सांगे, "सरळ खाली बघून निघायचं नाही, आडवं आडवं जायचं. एक हात कशावर तरी ठेवायचा. भिंत असो, खांब असो, शेजारचा माणूस असो. लाज वाटू द्यायची नाही. दमलं की बसायचं."

सोनटक्के सगळ्यांत मागे उभे असत, खांबाला धरून.

"वकीलबाई, माणसानं भररस्त्यात बसलेलं बरं दिसत नाही," ते एकदा म्हणाले.

"मी जन्मभर बसलेय, साहेब. कसं दिसतं?"

त्यांनी विचार केला. मग धोतर सावरून खाली बसले.

पौष लागला आणि ठरल्याप्रमाणे बर्फ पडला. शेळ्यांनी तो चाटून पाहिला आणि सोडून दिला. चौदा देशांचे खेळाडू आले आणि घराघरांत उतरले. डोळ्यांनी न दिसणारे होते, त्यांच्या पुढे आवाज देत जाणारे जोडीदार होते. एका हाताचे होते, एका पायाचे होते, बसून खेळणारे होते. गोदाक्कांकडे फिनलंडची एक आंधळी मुलगी होती. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता, पण तिसऱ्या दिवशी ती मुलगी ज्वारीची भाकरी थापताना दिसली.

त्यातच बेर्ग नियमावली घेऊन हेमलताकडे आले. बसून खेळायच्या शर्यतीत यजमान गावाचा एक तरी खेळाडू लागत होता. नाहीतर यजमान गैरहजर, असं जाहीर करून स्पर्धा दुसरीकडे नेणं भाग होतं.

"मी पंच आहे," हेमलता म्हणाली.

"उतार पास झाला. पंच संपला," बेर्ग म्हणाले आणि दारातून एक वस्तू आत ओढली. एका लांब पात्यावर बसवलेली बादलीसारखी बैठक आणि दोन आखूड काठ्या.

हेमलता त्या बैठकीकडे बघत राहिली. कोर्टात ती कुणाला भ्यायली नव्हती. पण खुर्चीला ब्रेक होता, ह्याला कुठे दिसत नव्हता.

"ह्याचा ब्रेक कुठाय?"

बेर्गनी तिच्या खांद्यावर बोट टेकवलं. "इथे. झुकायचं, की थांबतं."

पहिले दोन दिवस ती पडतच होती. शाळेपाशी पडली, गिरणीपाशी पडली, एकदा सुरुवात व्हायच्या आधीच पडली. गोदाक्का उचलायला धावत, तेव्हा ती बर्फातूनच ओरडे, "हात लावायचा नाही! माझं मी उठणार." कोपर बर्फात रोवून उठायला तिला बराच वेळ लागे. लोक रस्त्याच्या कडेला बसून वाट बघत. घाई कुणी करत नव्हतं, आता सगळ्यांनाच उठायला वेळ लागत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी गिरणीच्या वळणावर ती डावीकडे झुकली, आणि पातं तिच्या मनातलं ऐकल्यासारखं डावीकडे वळलं. ती देवळापर्यंत गेली. तिथे थांबून तिनं मागे वळून रस्ता बघितला. ह्या रस्त्यावरून आजवर तिला कुणीतरी ढकलतच नेलं होतं.

शर्यतीच्या दिवशी टाकीपाशी तिच्यापुढे ऑस्ट्रियाची एक बाई होती, दोन पदकांची मानकरी. शिट्टी झाली. हेमलता निघाली आणि शाळेपर्यंत तिला फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता. गिरणीपाशी पाटलांची म्हैस आडवी उभी होती. ऑस्ट्रियाची बाई म्हशीच्या तोंडापुढून जायला गेली, तशी म्हैस पुढे सरकली. हेमलता मागून गेली. म्हैस मागे सरत नाही हे ढवळगावात सगळ्यांना माहीत असतं. मारुतीच्या देवळाला तिनं झुकल्या झुकल्याच नमस्कार केला, फाटकातून आत शिरली, पायऱ्यांच्या जागेवरून सुसाट गेली, आणि सभागृहात सोनटक्क्यांच्या टेबलाला पात्याचं टोक टेकवून थांबली.

सोनटक्के गडबडीनं उठले.

"या, या, वकीलबाई! बसा."

"बसूनच आलेय, साहेब."

तिचा नंबर नववा आला. बाहेर लोकांनी हलगी वाजवली. बेर्ग म्हणाले, नववा नंबर चांगला, पण उजवीकडे झुकताना ती अजून संशय घेते. हेमलतानं ते मान्य केलं आणि पुढच्या स्पर्धेचं ठिकाण विचारून घेतलं.

पाहुणे गेले, बर्फ उन्हानं ओसरला, आणि गाव पूर्ववत सपाट करण्याचा ठराव नगरपरिषदेपुढे आला. हरकती मागवल्या. हेमलतानं हरकत घेतली नाही. तिला वाटलं, हा निर्णय ज्यांना चालता येतं त्यांनी करावा.

सुनावणीला सभागृह भरलं. सगळ्यांत आधी गोदाक्का उठल्या.

"मी परवा लेकीकडं गेले होते," त्या म्हणाल्या. "सपाट गाव. मला बाई भोवळच आली. जमीन आपल्याला धरतच नाही. नुसती पडून असती. मला नको ते."

पश्चिमवाल्यांनी पाण्याचा मुद्दा मांडला. पूर्वेवाले म्हणाले, एवढ्या वर गेल्यावर आता खाली कोण येतंय? दही तिरकं लागतं त्याचं काय, असं एकानं विचारलं, तर बायका म्हणाल्या, चवीत फरक नाही. मुजावरांनी जॅक परत पाठवून दिले. ठराव एकमतानं फेटाळला गेला.

फाल्गुनात जिल्ह्याच्या गावी सत्कार होता. नगराध्यक्ष आणि खेळाडू दोघांना बोलावलं होतं. जीपमधून उतरून हेमलता खुर्चीत बसली, आणि निघणार एवढ्यात तिच्या लक्षात आलं, की सोनटक्के जीपचं दार धरून तसेच उभे आहेत. समोर कचेरीपर्यंत लांबलचक, गुळगुळीत, सपाट रस्ता होता. धरायला भिंत नव्हती, खांब नव्हता. जाणारे-येणारे त्यांच्याकडे बघत होते.

"काय झालं, साहेब?"

"काही नाही." त्यांनी एक पाऊल टाकलं आणि मागे घेतलं. "तुम्ही व्हा पुढे. मी येतो हळूहळू."

हेमलतानं खुर्ची मागे घेतली, वळवली आणि पाठीकडची मूठ त्यांच्या हाताशी आणून थांबली.

"धरा."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग मूठ धरली, आधी एका हातानं, मग दोन्ही हातांनी. हेमलतानं चाकांना हात घातला आणि दोघं निघाले.

"वकीलबाई, जरा सावकाश."

"सावकाशच चाललेय," हेमलता म्हणाली. "रस्ता सपाट आहे ना."