कडुबाअण्णांची चपलांची लाइन

मोठ्या हिरोच्या पिक्चरचं ॲडव्हान्स बुकिंग उघडायच्या दिवशी आमचे शेजारी कडुबाअण्णा ओट्यावर चपला मांडतात. पहिला जोड त्यांचा, मागे माझा, तिसरा वरच्या मजल्यावरच्या शेख सरांचा. बुकिंग मोबाइलवर असतं, हे अण्णांना ठाऊक आहे. पण "बिना लाइनीचं तिकीट म्हंजे बिना अक्षदाचं लगीन," असं त्यांचं म्हणणं.

चिकलठाण्याच्या कंपनीतून रिटायर झालेला हा एकटा माणूस थेटरात सुरुवातीच्या नावांच्या पाट्या संपायच्या आत घोरायला लागतो. मग एवढा आटापिटा कशाला? लेकासाठी. नितीन पुण्याला नोकरीला. लहानपणी त्याला खांद्यावर घेऊन अण्णा खिडकीवरच्या गर्दीत घुसायचे आणि पोरगं वरून हात घालून तिकिटं काढायचं. आता त्याला दिवाळीला सुट्टी नसते, पण त्या हिरोचा पिक्चर आला की फोन येतो, "अण्णा, तिकिटं काढा, येतो." गेल्या खेपेला तिकिटं मिळाली नाहीत. नितीन आला नाही.

यंदा म्हणून जोखीम माझ्यावर. मोबाइलमधला जाणकार असं माझं गल्लीत नाव आहे. ते नाव मीच पसरवलंय.

आपापल्या चपलांमागे बसलो. शेख सर जरा पुढे वाकले.

"सर, मागं व्हा, लाइन मोडती!"

"अरे अण्णा, मोबाइल कू क्या मालूम मैं तिसरा हूं!"

बुकिंग उघडलं. सरांच्या स्क्रीनवर चक्र फिरायला लागलं ते फिरतच राहिलं. माझ्याकडे सीटा दिसत होत्या; बोट टेकवलं की जात होत्या. अण्णांचा श्वास माझ्या मानेवर.

"मागची रांग बघ. मधल्या दोन. गेल्या? अरे दाब की! पाळण्यातलं पोर हाय का ते, लई जपून हात लावतो!"

घामानं अंगठा घसरायला लागला. पैसे कापले गेले, तिकिटं येईनात. अण्णांनी डोळे मिटून हात जोडले. आणि टुंग! दोन तिकिटं, मागची रांग, अगदी मधली.

अण्णांनी मला मिठीच मारली. तेवढ्यात शेख सरांनी चष्मा लावून स्क्रीन वाचली.

"ये तो पुणे का थेटर है."

मागच्याच आठवड्यात मेव्हण्याच्या साखरपुड्याला पुण्याला गेलो होतो. तिथं ॲपमध्ये शहर बदललं होतं. जाणकारानं ते परत बदललं नव्हतं. तिकिटं रद्द होत नव्हती आणि आपल्याकडचे सगळे शो एव्हाना फुल्ल.

अण्णांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी लाइनीतला आपला जोड उचलला, झटकला, पायात घातला. मग हळूच म्हणाले,

"पुण्याचं हाय म्हंजे... मलाच जावं लागंल, व्हय ना?"

"अण्णा, चुकलं माझं."

"तेच सांग त्याला. आत्ताच फोन लाव. तू घोळ घातला म्हणून मला यावं लागतंय, असं सांग. मी आपल्या मनानं येतोय असं नको वाटाया त्याला."

मी फोन लावला. रिंग जात होती. अण्णा माझ्या कानाशी येऊन कुजबुजले,

"अन् इचार, त्याच्या फ्लॅटात चपला दाराभाईर काढत्यात का आत नेत्यात? मी अजून पाह्यलं नाय ना त्याचं घर."