चार अक्षरांचा बैल

भगवंत पारखी किसनरावांच्या अंगणात आला, एका बोजात कोपरापर्यंत हात घालून त्याने रुईचा पुंजका ओढला, उन्हाकडे धरला, बोटांनी ताणला आणि नाकातल्या नाकात म्हणाला, "फेअर."

"म्हंजे?" किसनरावांनी विचारलं.

"म्हणजे फेअर," असं म्हणून भगवंतने कापलेल्या अक्षरांचा पत्रा बोजावर ठेवला, त्यावरून काळ्या रंगाचा बोळा फिरवला आणि पुढच्या बोजाकडे वळला. चाळीसच्या चाळीस बोजांवर चार इंग्रजी अक्षरं उमटली. शेजारच्या खुशालरावांचे बोजे मात्र त्याने नुसते चाचपले आणि "तुमचं मागाहून बघू" म्हणून तसेच कोरे सोडले. मग तो घोड्यावर बसून अमरावतीला साहेबाच्या वखारीकडे निघून गेला.

साल अठराशे चौसष्ट. अमेरिकेत भाऊ भावावर तोफा डागत होता, तिकडचा कापूस बंद होऊन इथल्या कापसाचा भाव चढला होता आणि त्याच्या पुण्याईने तिवशाजवळच्या या गावात लोक बैलांच्या शिंगांना चांदी मढवत होते. पैसा आला होता, पण तो आला आहे हे जगाला सांगायचं कसं, हे कोणाला नीट सुचत नव्हतं. किसनरावांना त्या दिवशी सुचलं. आपल्या मालावर साहेबाचा छाप आहे आणि खुशालरावांच्या मालावर नाही, एवढंच त्यांनी पाहिलं. छापाचा अर्थ कळला नव्हता, त्यामुळे अभिमानाला काही अडचण आली नाही.

अर्थ सांगायला गावात वामनराव होते. त्यांनी अकोल्याच्या कचेरीत आठ महिने बोरू तासले होते आणि तेवढ्या भांडवलावर गावात ते इंग्रजीचे पंडित ठरले होते.

"फेअर म्हणजे सुंदर, देखणा," वामनराव म्हणाले.

किसनरावांनी लगेच दिव्याची काजळी जवसाच्या तेलात खलली आणि गोठ्यात जाऊन पवळ्याच्या पुठ्ठ्यावर ती चार अक्षरं बोजावरून बघून बघून काढली. पवळ्या म्हणजे त्यांचा जीव. शंकरपटात, बैलजोड्यांच्या शर्यतीत, तीन वर्षं त्याच्या पुढे कोणाची जोडी गेली नव्हती. पोटच्या पोरासारखा वाढवलेला तो बैल अक्षरं काढून होईपर्यंत शांत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी वामनराव पुन्हा आले. शब्दाला आणखी एक अर्थ आहे, हे त्यांना रात्री आठवलं होतं. फेअर म्हणजे न्यायी. किसनरावांचा डोळा पंचांच्या जागेवर होता, म्हणून अक्षरं दारावर गेली. तिसऱ्या दिवशी फेअर म्हणजे जत्रा निघाली. ओसरीतल्या बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, रोज संध्याकाळी अर्धं गाव येऊन बसायचं, तेव्हा बंगईची फळी रंगली. चौथ्या दिवशी फेअर म्हणजे निरभ्र, निर्मळ, आणि ती पाळी पाण्याच्या घंगाळावर आली. प्रत्येक अर्थामागे वामनराव जेवून जात होते, त्यामुळे अर्थ संपायची काही चिन्हं दिसेनात.

"एकाच शब्दाचे इतके अर्थ कावून?" किसनरावांच्या पत्नी दुर्गाबाईंनी पोळी वाढता वाढता विचारलं.

"इंग्रजी भाषाच तशी आहे, वहिनी."

"आपल्याकडं एका कामाले दहा मानसं लागतेत. त्यांच्याकडं एकच शब्द दहा कामं करते. म्हनून ते राज्य करून राहिले अन् आमी पोळ्या करून राहिलो."

किसनराव काजळीची वाटी घेऊन दुर्गाबाईंच्या पेटीकडे वळले, तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या. "माह्या वस्तूले हात लावला तं ती काजळी तुमच्या तोंडाले फासीन." पेटी वाचली.

पाचव्या दिवशी वामनरावांनी स्वतःसाठी राखून ठेवलेला अर्थ बाहेर काढला. फेअर म्हणजे गोरा.

"पन तुमी तं..." किसनराव त्यांच्याकडे बघत म्हणाले.

"कातड्याचा प्रश्न नाही. ज्याला इंग्रजी येतं तो गोरा."

हे किसनरावांना पटलं. गुरूचा मान म्हणून त्यांनी नवा पांढरा डगला शिवून आणला आणि त्याच्या पाठीवर चार अक्षरं ठसठशीत काढून दिली. वामनराव तो घालून दिवसभर गावात लोकांना पाठ दाखवत हिंडले.

आठव्या दिवशी वखारीच्या गाड्या आल्या. गाड्यांचा मुकादम नत्थुजी अंजनगाव सुर्जीचा. त्याला अक्षरओळख नव्हती, पण साहेबाने त्याला पत्र्याचा एक नमुना दिला होता आणि हुकूम असा होता की गावात ज्या ज्या वस्तूवर हा छाप दिसेल ती ती भरायची, एकही मागे राहिली तर गाडीभाडं मिळणार नाही. नत्थुजीने चाळीस बोजे भरले. मग जाता जाता त्याची नजर दारावर पडली. त्याने नमुना दाराशी धरून पाहिला, मान डोलावली आणि माणसांना दार उतरवायला सांगितलं.

किसनराव शेतातून परत आले तेव्हा त्यांच्या घराला दार नव्हतं, ओसरीत बंगई नव्हती आणि पवळ्या परक्या गाडीमागे बांधलेला होता.

"अरे ए, बैल कावून बांधला?"

"छाप हाय त्याच्यावर."

"माहा बैल हाय तो! घरचा!"

"मंग छाप कोनं मारला? तुमी?"

"हो, म्याच मारला."

नत्थुजी जवळ आला आणि त्याने आवाज खाली घेतला. त्यात धमकी नव्हती, काळजीच होती. "पायजा बावा. सायबाचा छाप घरी बसून मारनारा एक जन मागच्या महिन्यात फौजदारानं उचलला. अजून आत हाय. आता नीट इचार करून सांगा. कोनं मारला?"

किसनरावांनी ओठ ओले केले. "सायबानं."

"मंग बैल सायबाचा," नत्थुजी म्हणाला आणि त्याने गाठ आणखी घट्ट केली. "परवा पहाटे वखारीतून सारा माल अकोल्याच्या रस्त्यानं निघते. तिथून मुंबई, मुंबईहून बोटीत."

किसनराव मटकन ओट्यावर बसले. पवळ्या बोटीत! विलायतेत त्याला सरकीची पेंड कोण घालणार, त्याच्या मानेखाली कोण खाजवणार? त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं.

दुर्गाबाई मात्र रडल्या नाहीत. त्या घंगाळ सोडायला तयार नव्हत्या, म्हणून गाडीत आपल्याच घराच्या दारावर घंगाळ मांडीत घेऊन बसल्या. किसनराव पवळ्याच्या बाजूने चालू लागले. वामनराव डगला घालून गाड्यांच्या मागून येत होते. "साहेबाशी बोलायचं माझ्यावर सोडा," असं त्यांनी वाटेत चार वेळा सांगितलं.

अमरावतीच्या वखारीत साहेब झाडाखाली खुर्ची टाकून बसला होता. चाळीस बोजांमागून दार, बंगई, घंगाळ, एक बाई आणि एक बैल उतरताना पाहून त्याने तोंडातली चिरूट काढली आणि बरंच काही विचारलं. सगळे वामनरावांकडे बघू लागले. वामनराव दोन पावलं पुढे गेले, त्यांनी दाराकडे बोट केलं आणि म्हणाले, "फेअर." मग बैलाकडे बोट केलं. "फेअर." मग घंगाळाकडे, आणि शेवटी हात जोडून खुद्द साहेबाकडे. "फेअर."

साहेब इतका हसला की चिरूट त्याच्या मांडीवर पडली आणि पाटलोणीला भोक पडलं.

भगवंत पारखी धावत आला. सगळा प्रकार ऐकून त्याने कपाळावर हात मारला. "अहो किसनराव, फेअर म्हणजे बेताचा. चालून जाईल असा माल. वखारीत तेवढाच अर्थ."

"अन् खुशालरावाचा?"

"त्यांचा वरच्या प्रतीचा. त्याचा पत्रा अकोल्याहून यायचा होता, म्हणून थांबलो. पत्रा काल आला, आता छापतो."

किसनरावांनी जाऊन पवळ्याचं दावं धरलं.

"मले छाप नको, प्रत नको," ते म्हणाले. "बैल द्या."

भगवंतने साहेबाशी बोलून घेतलं. साहेबाला गंमत वाटत होती, म्हणून फौजदाराचं नाव निघालं नाही, पण कायदा म्हणजे कायदा. एकदा छाप बसला की माल वखारीचा, मग तो कोणी का मारला असेना. सोडवायचा एकच मार्ग होता. मालात खोट निघाली की तो नापास करायचा, छापावर फुली मारायची आणि परत द्यायचा. खोट मात्र मालकाने चारचौघांत सांगायला हवी.

बाजाराचा दिवस होता. गर्दी जमली. पुढे खुशालराव उभे होते.

"दार," भगवंत म्हणाला.

"वाळवी लागली हाय," किसनराव पुटपुटले. फुली पडली.

"बंगई."

"एका अंगानं लटकते." फुली पडली.

"घंगाळ."

"गळते," दुर्गाबाईच म्हणाल्या. "चार वर्सं झाले सांगून राहिली, कोनी ऐकत नाही." फुली पडली.

"बैल."

किसनरावांनी पवळ्याकडे पाहिलं. पवळ्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान लांब करून त्यांचा खांदा चाटला.

"लंगडते," किसनराव जमिनीकडे बघत म्हणाले.

साहेबाने बैल चालवायला सांगितला. पवळ्या पटात धावायचा तसा छाती काढून वखारीला वळसा घालून आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"बुढा झाला. दात पडले."

भगवंतने ओठ वर केले. दात कवड्यांसारखे होते.

"मारते लय."

पवळ्या एव्हाना साहेबाच्या मांडीवरची राख हुंगत होता आणि साहेब त्याच्या मानेखाली खाजवत होता. साहेबाने भगवंतला काहीतरी विचारलं. बैल विकत घेता येईल का, असंच काहीतरी असावं. किसनरावांनी दावं मनगटाला गुंडाळलं.

तेवढ्यात दुर्गाबाई घंगाळ खाली ठेवून पुढे आल्या. "भगवंतभाऊ, बैलात खोट नाही. मालकात हाय. त्याले अक्कल नाही. ज्या मानसाले अक्षर वाचता येत नाही, तो ते घरभर रंगवत फिरते. ही खोट चालन काय, इचारा सायबाले."

भगवंतने विचारलं. साहेबाने किसनरावांकडे पायापासून पागोट्यापर्यंत पाहिलं, बराच वेळ विचार केला आणि मान हलवली. चालेल. वहीत तशी नोंद झाली, पवळ्याच्या पुठ्ठ्यावर फुली पडली. खुशालराव पोट धरून हसत होते, पण किसनरावांनी बैलाच्या गळ्यात हात टाकला होता आणि त्यांना काही ऐकू येत नव्हतं.

वामनराव हळूच निघायला वळले. वळले म्हणून त्यांची पाठ सगळ्यांना दिसली.

"आणि हे?" भगवंतने विचारलं. "यात काय खोट आहे?"

किसनरावांनी डोळे पुसले. आठ दिवस घातलेली जेवणं त्यांच्या डोळ्यांपुढून एकेक करून गेली.

"काहीच नाही," ते म्हणाले. "हा माल बिनखोट हाय. ठेवून घ्या."

साहेबाने तो माल डगल्यासकट ठेवून घेतलाही. पुढच्या वर्षी अमेरिकेतली लढाई संपली, भाव कोसळले, शिंगांवरची चांदी उतरवून लोकांनी विकली. किसनराव बोजे घेऊन वखारीत गेले तेव्हा भगवंतला अकोल्याला पाठवलं होतं आणि त्याच्या खुर्चीत वामनराव बसले होते. इंग्रजीतला एकच शब्द येणारा पारखी साहेबाला परवडत होता, कारण आता भाव पडल्यावर सगळ्या वऱ्हाडाच्या कापसाला तो तेवढाच शब्द लावणार होता.

वामनरावांनी पुंजका ओढला, उन्हाकडे धरला, बोटांनी ताणला.

"फेअर," ते म्हणाले, आणि थोडं थांबले. "का हो किसनराव, या खेपेला अर्थ नाही विचारत?"

"नाही मालक," किसनराव हात जोडून म्हणाले. "बैल बाहेर बांधला हाय."