मुंगीराणीच्या पार्टीतली कात्री

भरवसा कुणावर ठेवावा, सांगा बघू: ज्याच्या हातात कात्री आहे त्याच्यावर, की जिच्या वहीत गोष्ट आहे तिच्यावर? फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या फिदेन्सियोनं स्वतःवर ठेवला आणि तिथेच फसला.

फिदेन्सियोचं खिळे-बिजागऱ्यांचं दुकान. त्याची एकुलती एक लेक मुत्या सात वर्षांची होणार होती. तिनं वहीत मुंगीराणीची गोष्ट लिहिली होती, चित्रांसकट.

"पापा, पार्टीत सगळं माझ्या गोष्टीतलं हवं. मुंग्यांना पुरेल एवढंच. आणि राणी लोला होणार."

"होऊन जाऊ दे," फिदेन्सियो म्हणाला. (गिऱ्हाइकाला तो याच सुरात 'माल उद्या येतोय' म्हणायचा.)

पण या खेपेला त्यानं शब्द पाळला. स्क्रूंच्या कोऱ्या डब्यातल्या खणांत बोटाच्या पेराएवढ्या लुम्पिया, म्हणजे तळलेल्या सुरळ्या. बाटल्यांच्या बुचांत भात. कलामान्सी लिंबाचं सरबत खोकल्याच्या औषधाच्या मापात. राहिलं शेवयांचं पान्सित. पेले इंचभर, शेवया हातभर. वाढदिवसाची शेवई लांब तितकं आयुष्य लांब, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण वस्तू मापात बसली नाही की त्याचे हात शिवशिवतात. त्यानं दुकानातली पत्रा कापायची नवी कात्री काढली आणि परातभर पान्सित कचाकचा कापलं.

सासूबाई, म्हणजे मुत्याची आजी, लोला सोलेदाद, कागदी मुकुट घालून ऐटीत आल्या. परात पाहिली आणि मुकुट काढून ठेवला.

"हे कुणी कापलं?"

"मीच, नानाय. पेल्यात मावेना."

"पेल्यात मावेना म्हणून पोरीचं आयुष्य कापलंस?"

"जोडता आलं तर बघतो."

"बिजागरी आहे का ती, जोडायला?" त्यांनी पिशवी उचलली. "मी निघते. मला हे बघवायचं नाही."

"देन्सियो," बायको एस्त्रेल्या हळूच म्हणाली, "आई गेली तर पोरीची राणी गेली. आणि तुला वर्षभर जेवण असंच मिळेल, मुंगीच्या मापानं."

बाहेर ट्रायसिकल-रिक्षा थांबू लागल्या. पाहुणी मुलं उतरत होती. मुत्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण नजर फडताळावर होती.

"पापा, शेवयांचा एक पुडा उरलाय ना?"

"उरलाय."

"मग एका पेल्यात एकच शेवई. न कापता, गोल गुंडाळून. मुंगीला एकच पुरते."

लोला उंबऱ्यातच थांबल्या. मग पिशवी खाली ठेवून लेकीला म्हणाल्या, "पाणी उकळायला ठेव. आणि आधी याच्या हातातली कात्री घे."

फिदेन्सियोनं चिमट्यानं एकोणीस शेवया गुंडाळल्या. मुलांनी टोक ओठांत धरून सुर्र करून ओढल्या. लोलांची शेवई संपता संपेना. त्या खुर्चीवरून उठल्या, टाचा उंचावल्या, तरी टोक पेल्यातच. मुकुट कानावर आला, पण त्यांनी तोडली नाही. मुत्या टाळ्या पिटत होती.

मग लोलांनी कापलेली परात जावयापुढे सरकवली. "ही सगळी तुझी. तुझं आयुष्य लांबवायची मला घाई नाही."

तीन दिवस फिदेन्सियो ती चमच्यानं संपवत होता. हल्ली तो दुकानात सांगतो, एका शेवईची युक्ती त्यालाच सुचली. तुमच्याही कानावर येईल. तेव्हा मेहेरबानी करा, हिशेब खरा मांडा: युक्ती पोरीच्या नावावर, कात्री त्याच्या.