बिदाईपुरते मनोहरभाऊ

मे महिन्यात मनोहरभाऊंच्या अमरावतीच्या खोलीवर गेलं की आधी कूलर दिसायचा. खोलीत तो एकच, आणि त्याचं तोंड पियानोकडे. भाऊ स्वतः कोपऱ्यात, उघड्या अंगाने, गळ्यात ओला दुपट्टा टाकून घाम पुसत बसलेले. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "मले सोसते. त्याचं लाकूड तडकते."

हा जुना पियानो त्यांनी एका बंगल्याच्या भंगारातून आणला होता. तो दारातून आत जाईना, तेव्हा त्यांनी घरमालकाच्या परवानगीने चौकट काढली. पलंगाला जागा उरली नाही, तेव्हा पलंग विकला.

आमची ओळख लग्नाच्या ऑर्केस्ट्रातली. मी निवेदक, अडल्यावेळी गायक, आणि व्हॅन माझी म्हणून ड्रायव्हरही. भाऊ कीबोर्डवर. वय साठीचं, अंगाने काडी, बोलणं मोजकं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी परदेशी प्रवासी जहाजांवर पियानो वाजवण्यात घालवली होती, आणि वाजवायचे ब्लूज. ब्लूज म्हणजे काय, हे आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते पहिल्याच हळदीला कळलं. पाहुण्यांनी नाचायचं गाणं मागितलं. भाऊंनी तेच गाणं धरलं, पण असं काही रेंगाळत, सूर मोडत, मध्येच थांबत, की नाचायला उठलेला नवरीचा मामा मांडवाच्या खांबाला धरून रडायला लागला. नवरदेवाचा बाप धावत आला.

"ओ मास्तर, लगन हाये का तेरवी?"

"दोन्हीकडं जेवनच असते, भाऊ," मनोहरभाऊ शांतपणे म्हणाले.

त्या दिवसापासून ऑर्केस्ट्राच्या मालकाने नियम केला. हळद, संगीत, वरात यांना दुसरा वादक. मनोहरभाऊ फक्त बिदाईला. तिथे मात्र ते असे वाजवत की नवरीआधी केटरिंगवाले डोळे पुसत. लोक फोन करून विचारू लागले, "ते रडवनारे बुवा येतीन ना?"

एकदा पानठेल्यावर पानवाल्याने त्यांना विचारलं, "भाऊ, ब्लूज म्हंजे असते तरी काय?"

"मानूस दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचून राह्यला. कंबर मोडून राह्यली. घर दूर हाये. तवा त्याच्या तोंडातून जे निंगते, थे."

"थे तं माही बायको रोजच करते," पानवाला म्हणाला.

भाऊ हसले नाहीत. "मंग आयकत जा," एवढंच म्हणाले.

ते मूळचे तेल्हाऱ्याचे. आई लोकांच्या वावरात कापूस वेचायला जायची आणि वेचताना काहीतरी गुणगुणायची. मुलाला तिने शिकायला अकोल्याला ठेवलं. तिथे शाळेजवळच्या चर्चमध्ये त्यांना पियानो भेटला आणि शाळा सुटली. मग मुंबईतलं हॉटेल, मग जहाज. जहाजावर एक म्हातारा अमेरिकन वादक होता. त्याचे आजी-आजोबा कापूस वेचणारे. भाऊंना इंग्रजी धड येत नव्हतं. त्यांनी कापूस वेचल्याची खूण करून 'माय, माय' म्हटलं. म्हाताऱ्याने त्यांचा हात धरून पियानोच्या पट्ट्यांवर ठेवला. त्या दिवसापासून भाऊंनी दुसरं काही मनापासून वाजवलं नाही.

लग्न केलं नाही. घरी पैसे पाठवत, येणं मात्र पुढे ढकलत राहिले. शेवटी परत आले ते धाकट्या भावाच्या फोनवरून, "माय विसरून राह्यली," म्हणून.

हे सगळं मला कळलं ते अकोल्याच्या एका लग्नानंतर. दुपारी व्हॅनमध्ये सामान चढवत होतो, तर भाऊ म्हणाले, "गाडी तेल्हाऱ्याकडं घेशीन काय?" वाटेत ते पहिल्यांदाच एवढं बोलले.

भावाच्या अंगणात कडुनिंबाखाली बाजेवर आई बसली होती. मी पाया पडलो. भाऊ नुसते हात जोडून उभे राहिले. मला नवल वाटलं. धाकट्या भावाची बायको रेखा हळूच म्हणाली, "भाऊजीनं माय म्हनलं का घाबरते थे. ओरडते, माहा मनोहर जहाजावर हाये, हा कोन आला म्हने. तवापासून भाऊजी तिले मावशी म्हनतेत."

रेखाने घरातून वायर ओढून दिली. भाऊंनी कीबोर्ड स्टुलावर मांडला आणि वाजवायला लागले. एवढं हळू मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. आईने मान तिरकी केली.

"कोन मेलं?" तिने विचारलं.

"कोनी नाही, मावशी. असंच."

ती ऐकत राहिली. मांडीवरची बोटं हलायला लागली, काहीतरी खुडल्यासारखी. ओठही हलले, पण आवाज आला नाही. भाऊंनी पाहिलं आणि खाली पट्ट्यांकडे मान घातली. मी रेखाकडे बघितलं. ती आत निघून गेली.

बऱ्याच वेळाने आईने हात लांब करून भाऊंच्या बाहीला धरलं. आवाजात काळजी होती.

"एवढं दुखाचं कावून वाजवतं रे बापू? तुले माय नाही काय?"

भाऊंची बोटं थांबली नाहीत. "हाये, मावशी."

"मंग जाय ना तिच्याकडं. वाट पाह्यत असन थे."

"जातो," मनोहरभाऊ म्हणाले. आणि स्टूल बाजेजवळ आणखी थोडं ओढून वाजवत राहिले.